दोन अंश मागे

माझगावच्या उतारावर, लाकडाच्या वखारीला लागून
इनास मिस्त्रीचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे
एक पत्रा, एक खड्डा, खिळ्यांवर टांगलेले पाने.
दहा नंबरचा कायम माझ्या खिशात.

वर्देबाईंची फियाट सकाळी ढकलत आणली.
राणीच्या बागेच्या सिग्नलला बंद पडते, म्हणाल्या,
आणि मागचे टॅक्सीवाले शिव्यासुद्धा देत नाहीत,
म्हातारी म्हणून. तेच जास्त लागतं.

इनास चहाला निघाला. जाताना म्हणाला, तू कर.
पहिल्यांदाच म्हणाला.

कार्बोरेटर उघडला. तळाशी तांबडा गाळ,
एक मेलेली मुंगी.
जेट उन्हाकडे धरला, भोकातून
मोहरीएवढं आभाळ दिसायला हवं. दिसेना.
तार घालायची नाही, हा इनासचा कायदा.
तोंड लावून फुंकलं. दिवसभर चहाला पेट्रोलची चव.

मिक्श्चरचा स्क्रू टेकेपर्यंत आत, मग दीड आटा मागे.
पॉइंटमध्ये काडेपेटीच्या झाकणाएवढी फट.
एक नंबरचा प्लग काढून भोकावर अंगठा धरला,
पुलीला पाना लावून इंजिन हळूहळू फिरवलं.
आतून हवेने अंगठा ढकलला,
पोटातलं पोर लाथ मारतं तसा, मी बोलून गेलो.
तुला रे काय माहीत, स्टुलावरून बाई म्हणाल्या.
तीस वर्षं बाळंतपणं केली होती त्यांनी.

ठिणगी पिस्टन वर पोचायच्या आधी पडावी लागते,
वेळेवर पडली तर उशीर झालेला असतो,
असं इनास एकदा म्हणाला होता.
मला वाटलं, हा गाडीबद्दल बोलत नाहीये.
तो गाडीबद्दलच बोलत होता.

डिस्ट्रिब्युटर सैल केला, केसभर फिरवला.
बल्ब लागला. आवळला.

अर्ध्या सेल्फला इंजिन धरलं.
टॅपेट कव्हरवर रुपया उभा ठेवला, पडला नाही.
ग्लोरिया चर्चपर्यंत चक्कर मारून आलो,
चढावर ठोका नाही, प्लगला मारी बिस्किटाचा रंग.
इनासने कान लावला. काही बोलला नाही.
इतका वेळ गप्प राहणं त्याला कधी जमलं नव्हतं.

आठवड्याने बाई परत.
बंद पडते? नाही. पिकअप? छान.
पेट्रोल? कमीच पिते.
मग?
त्या पदराने इंडिकेटरची काच पुसत राहिल्या.
ह्यांची गाडी अशी वाजत नसे, म्हणाल्या.
तीन हुंकार आणि एक ठेच.
तिसऱ्या मजल्यावर कळायचं, नाक्यावर आले,
मी तवा ठेवायचे.
आता चालवते, तर कुणाचीही गाडी वाटते.

बाई, ती ठेच म्हणजे दोष होता, मी म्हटलं.
इनासने माझ्या खिशातून दहाचा पाना काढून घेतला.

डिस्ट्रिब्युटर दोन अंश मागे.
स्क्रू पाव आटा बाहेर. जरा आत. परत बाहेर.
बाई डोळे मिटून मान हलवत होत्या,
नाही. नाही. अजून नाही.
चालतं इंजिन हवं तेवढंच बिघडवायचं
आणि तिथे थांबायचं,
इतकं बारीक काम मी नंतर पाहिलं नाही.

मग सायलेन्सरमधून तीन हुंकार, एक ठेच.
बाईंनी हात वर केला, बस थांबवतात तसा.
सिग्नलला बंद पडेल हं, इनास म्हणाला.
पडू दे.

मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही.

आता माझ्याकडे लॅपटॉप आहे.
वेळ कंपनीतूनच ठरून येते,
मागे करायची म्हटली तर पासवर्ड मागते.
इनासची वही मात्र ठेवली आहे, ग्रीसच्या बोटांची.
वर्दे, फियाट, दोन अंश मागे.
पुढे साठ रुपये. त्यावर काट.
काटेखाली परत साठ रुपये.
बाई ऐकल्या नसणार.